पेटी थोडी हळू घ्या, पोरीचा आवाज येऊ द्या



दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. नाच कोण बसवणार, नाटुकलं कोण घेणार, बिछायत केंद्रवाल्याला कधी सांगायचं, लोकवर्गणी किती निघेल, हे सगळं मधल्या सुट्टीत बोलून होतं. एका गोष्टीवर मात्र सहसा कोणी बोलत नाही. गाणं म्हणणाऱ्या लेकराचे शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळतील का? आज त्याच विषयावर लिहायचं आहे. विषय लहान वाटेल, पण मला तो लहान वाटत नाही. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संमेलनात तिसरीतली एक मुलगी गाणं म्हणणार होती. आवाज बारीक, पण सुरात पक्की. परिपाठाला ती म्हणायला लागली की वर्ग आपोआप शांत व्हायचा. मी हौसेनं तिच्यासाठी मोबाईलवर कराओके ट्रॅक शोधला. पेटी, ढोलक, बासरी, कीबोर्ड, सगळं होतं त्यात. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्या भाऊंनी ट्रॅक लावला आणि मैदान दणाणलं. पोरगी माईक हातात धरून उभी. तोंड हलत होतं. टाळ्याही पडल्या. मीसुद्धा वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर तिची आजी मला भेटली. कापूस वेचणीचा रोज पाडून आली होती ती. म्हणाली, “बाई, पोरीचं तोंड हालताना दिसलं मले. आवाज काई आला नाई. कोनतं गानं होतं ते?”

मी काय उत्तर देणार? गाण्याचं नाव सांगितलं. ती “बरं बरं” म्हणाली आणि नातीचा हात धरून निघून गेली. तिच्या एका दिवसाच्या मजुरीच्या बदल्यात तिला काय मिळालं, तर ढोलक. ढोलक तर तिला कोणत्याही वरातीत फुकट ऐकायला मिळाली असती.

माझं मत आता पक्कं झालं आहे. शाळेतल्या गाण्यात शब्द आणि गळा आधी, वाद्य मागून. हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तो शिकण्याचा प्रश्न आहे, आणि हळू बोलणाऱ्या लेकराच्या हक्काचाही आहे.

कपाशीचं झालं उपाशी

माझी पहिली चूक तर याच्याही आधीची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सगळे एका रात्रीत व्हिडिओवाले झालो. मीही कविता म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागले. पिकांची ओळख व्हावी म्हणून एक साधं गाणं मीच जुळवलं होतं. त्यात आपल्या भागातली पिकं होती: तूर, सोयाबीन, हरभरा, कपाशी. नुसता आवाज ओका-बोका वाटतो म्हणून खाली ॲपमधला ठेका टाकला. ऐकायला मस्त वाटत होतं.

आठ दिवसांनी दुसरीतल्या एका मुलाच्या वहीचा फोटो आला. गाणं ऐकून त्यानं स्वतःच लिहिलं होतं. अक्षर सुंदर. आणि एका ओळीत लिहिलं होतं, “आमच्या शेतात उपाशी.”

मी त्याच्या बाबांना फोन लावला. म्हटलं, “दादा, तो शब्द कपाशी आहे.” ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, त्यानं काय खोटं लिवलं?” त्यावर मलाही हसू आलं, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

मग मी ते रेकॉर्डिंग त्याच्यासारखंच ऐकून पाहिलं, म्हणजे साध्या मोबाईलवर, चुलीजवळ, बाजूला भांडी वाजत असताना. तेव्हा कळलं. ठेक्याची पहिली थाप बरोबर ‘क’वर पडत होती. ‘क’ थापेखाली गेला आणि उरलं ‘पाशी’. लेकरानं समोर आपल्याला माहीत असलेला शब्द जोडला. चूक त्याची नव्हती, माझ्या मिक्सिंगची होती. तोवर मिक्सिंग हा शब्द मी कधी वापरलाही नव्हता.

आपल्यासारख्या मोठ्यांना अर्धवट शब्द ऐकूनही पूर्ण कळतो, कारण तो शब्द आपल्या डोक्यात आधीच असतो. पहिली-दुसरीच्या मुलाला तो शब्द पहिल्यांदाच भेटत असतो. त्याच्याकडे आधीचं भांडवल नसतं. म्हणून जे गाणं आपल्याला ‘छान ऐकू येतं’, ते त्याला ऐकू येतच असेल असं नाही. आपल्या कानानं त्याचं गाणं तपासणं, ही पहिली गफलत.

आवाज दबतो म्हणजे नेमकं काय होतं?

यात थोडं विज्ञान आहे. सोपं करून सांगते.

आवाजाची उंची म्हणजे एका सेकंदात किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात. मोठ्या पुरुषाच्या बोलण्याचा मूळ आवाज साधारण १०० ते १५० हर्ट्झ, बाईचा २०० च्या आसपास, आणि आपल्या वर्गातल्या लहान मुलांचा २५० ते ३०० च्या आसपास असतो. पण हा झाला गळ्याचा सूर. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. क, ट, त, स, श या अक्षरांची खूण बरीच वर असते, साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ‘स’, ‘श’ तर त्याच्याही वर जातात. गंमत अशी की स्वर जोरदार असतात आणि व्यंजनं अशक्त. ‘आ’ लांबपर्यंत जातो. ‘त’ जागेवरच विरतो.

आता एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. पेटीचं मधलं सप्तक आणि मुलांचा गळा एकाच जागेवर राहतात, म्हणून पेटी जोरात असली की सूर दबतो. कीबोर्डचे चमकदार आवाज, खुळखुळा, टाळ्यांचा ठेका हे व्यंजनांच्या पट्ट्यात घुसतात, म्हणून शब्द दबतो. ढोलकीची धुम खालची असते. ती तेवढी आड येत नाही, पण तिची चाटी मात्र येते. थोडक्यात, सगळीच वाद्यं सारखी आड येत नाहीत. म्हणून ‘सगळं म्युझिक कमी करा’ हा पूर्ण उपाय नाही. कोणतं वाद्य नेमकं शब्दावर बसलं आहे ते शोधून तेवढं बाजूला करायचं.

मोबाईलचं आणखी वेगळं. त्याच्या छोट्या स्पीकरमधून खालचे आवाज फारसे निघतच नाहीत. आपण हेडफोन लावून गाणं बनवतो तेव्हा धुम भरदार ऐकू येते. पालकांच्या फोनवर ती गायब होते आणि उरतो नुसता खुळखुळा न् कीबोर्ड, म्हणजे नेमकी तीच वाद्यं जी शब्दाच्या आड येतात.

अजून एक फसवणूक कानाचीच आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज मोठा केला की आपल्या कानाला खालचे सूर जास्त भरदार वाटायला लागतात. म्हणून जोरात लावून ऐकलं की सगळंच भारी वाटतं. तेच गाणं हळू लावलं की दोष दिसतो. साउंडवाले दादा दुपारी मोकळ्या मैदानात फुल आवाजात टेस्टिंग करतात आणि सगळे माना डोलावतात, त्याचं एक कारण हेही असावं.

वर्गखोलीचाही वाटा आहेच. वर टिनाचं छत, खाली फरशी, चारी बाजूंनी भिंती. आवाज घुमतो. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठी एक मानक आहे. त्यात रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आत असावा असं म्हटलं आहे. शिक्षकाचा आवाज मुलांच्या कानाशी इतर गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने तरी वर असावा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. आपल्या इमारती लगेच बदलणार नाहीत. पण एवढी गोष्ट लक्षात घ्या: जिथे नुसत्या पंख्याच्या आवाजानं शब्द हरवतो, तिथे आपण मुद्दाम गोंगाट मिसळून देतो आणि त्याला ‘आनंददायी शिक्षण’ म्हणतो.

आपल्या मोझरीची खंजेरी

हे सगळं मी इंटरनेटवर शोधत बसले होते आणि उत्तर मात्र आपल्याच तालुक्यात होतं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा (१९०९ ते १९६८) गुरुकुंज आश्रम मोझरीला, आपल्या तिवसा तालुक्यात. महाराजांचा कोणताही फोटो आठवा, हातात खंजेरी असतेच. आपल्याकडे गावोगावी खंजेरी भजनाची मंडळं आहेत, स्पर्धा होतात. लहानपणापासून आपण ते ऐकत आलो, पण कान देऊन कधी पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षी पाहिलं.

खंजेरी म्हणजे लाकडी कड्याला एका बाजूनं चामडं आणि कड्यात बसवलेल्या धातूच्या चकत्या. चामड्याची थाप खाली राहते, चकत्यांची छुमछुम खूप वर जाते. मधली जागा मोकळी. आणि माणसाचा गळा बरोबर त्या मधल्या जागेत बसतो. म्हणजे एकच वाद्य, पण आवाजाला वरून-खालून चौकट करून देतं आणि मधे येत नाही. चकत्यांची छुमछुम जास्त झाली तर ‘स’, ‘श’ला त्रास होतो हे खरं, पण जाणता वाजवणारा ओळ चालू असताना हात आवरतो. ओळ संपली की मोकळ्या जागेत खंजेरी खुलते. पुन्हा ओळ आली की ती मागे सरते. आजच्या भाषेत याला मिक्सिंग म्हणतात. तिथे ते हातानं होतं.

हे का होतं? कारण भजनात सांगायचं काहीतरी असतं. व्यसन सोडा, गाव स्वच्छ ठेवा, एकत्र बसून प्रार्थना करा, हे लोकांच्या कानात पोचलंच पाहिजे. ते पोचलं नाही तर भजन कशाला? आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा तर कीर्तनात श्रोत्यांना वऱ्हाडीतून प्रश्न विचारायचे आणि समोरून उत्तर यायचं. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर कुठून येईल? या दोघांचं पहिलं साधन वाद्य नव्हतं, शब्द होता. वाद्य शब्दाची वाट मोकळी करायला होतं.

शिक्षकांचं काम यापेक्षा वेगळं आहे का?

जुन्या लोकांनी कसं केलं?

आपल्या देशात १९०२ साली कोलकात्याला गौहर जान यांच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं. पुढे मायक्रोफोन आला, पण बरीच वर्षं सगळ्यांना मिळून एकच. मग आवाजाचा तोल सांभाळायचा कसा? जागेनं. गायक जवळ, हळू वाजणारं वाद्य त्याच्या मागे, जोराचं वाद्य पार लांब. म्हणजे मिक्सिंग यंत्रात नव्हतं, माणसं कुठे उभी राहतात यात होतं. ज्या शाळेत फक्त एक माईक आहे तिला ही पद्धत आजही लागू पडते.

मराठी मुलखाला माहीत असलेलं दुसरं उदाहरण म्हणजे गीतरामायण. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला एक, अशी एकूण ५६ गीतं. तेव्हाचे रेडिओ, त्यातली खरखर, घरात एक रेडिओ आणि त्याच्याभोवती सगळं घर. तरी गोष्ट लोकांपर्यंत पोचली, कारण वाद्यं कथेच्या मागे चालली. ते जुनं ध्वनिमुद्रण आज एखाद्या साध्या फोनवर लावून पाहा. एकेक अक्षर मोजून घेता येतं.

याचा अर्थ मोठा वाद्यवृंद वाईट असा नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन भल्या मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. तिथे एकेका आवाजाला जागा ठरवून देणारे जाणकार बसलेले असतात. आपल्याकडे काय असतं? एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि घाई. आपल्याला ते जमत नाही म्हणून आपण साधं ठेवावं, एवढंच म्हणणं आहे.

“पण मॅडम, ठेका तर पाहिजेच ना?”

हे मला माझ्याच सहकारी शिक्षकांनी विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते म्हणाले, पोरांना ठेका आवडतो, ठेका असला की लाजरं पोरगंही उठून नाचतं. नुसत्या शब्दांचं गाणं म्हणजे पाठांतर. आणि गावातले लोक म्हणतात, “आवाज नाई त कार्यक्रम कायचा?”

मी मान्य करते. लेझीम, कवायत, नाच यात वाद्य पुढे असलंच पाहिजे. तिथे पाय शिकत असतात, कान नाही. ठेक्यानं कविता लवकर पाठ होते हेही आपण रोज पाहतो. आणि उलट टोकाचीही चूक असते. वाद्य इतकं हळू ठेवलं की गळा पाण्यावरच्या तेलासारखा वेगळाच तरंगतो. मुलाला सूर धरायला आधार राहत नाही, ते घाबरून सूर सोडतं. मी एकदा तसंही करून बसले आहे.

म्हणून प्रश्न ठेका पाहिजे की नको हा नाहीच. इथे कोण कोणाला साथ करतंय, हा आहे. साथ या शब्दातच उत्तर आहे. साथ देणारा बरोबर चालतो, पुढे पळत नाही.

आणि एक कडू गोष्ट. ट्रॅक मोठा ठेवण्यात आपली सोय असते. मूल चुकलं तरी कळत नाही, विसरलं तरी कळत नाही. कार्यक्रम ‘चांगला’ होतो. पण मग मूल तिथे असलं काय न् नसलं काय? हळूहळू आपण ज्याचा आवाज मोठा त्यालाच माईक देतो. बारीक आवाजाची मुलं, तोतरं बोलणारी, पारध्यांच्या बेड्यावरून किंवा मेळघाटातून आलेली, वेगळी बोली बोलणारी मुलं मागच्या रांगेत ओठ हलवायला उभी राहतात. वर्गातही तेच होतं ना? जो जोरात ओरडतो त्याचं उत्तर आपण घेतो. मिक्सरवरचं बटण आणि आपली सवय, दोन्ही एकाच दिशेनं फिरतात.

राहिला गावाचा प्रश्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. आपणच शाळेच्या आवारात भिंती हलवणारा आवाज लावायचा आणि दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासात ध्वनिप्रदूषण शिकवायचं, हे मुलांना कळत नाही असं समजू नका.

मी आता काय करते

यातलं काहीच महाग नाही. बहुतेक सगळं फुकट आहे.

१. पट्टी मुलाच्या गळ्याची. कराओके ट्रॅक मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो. मुलाला खालचे सूर लागत नाहीत, तिथे आवाज पुटपुटल्यासारखा होतो आणि मग कितीही बटण फिरवा, काही होत नाही. लहान मुलाचा सहज आवाका साधारण एका सप्तकाचा असतो. आधी मुलाला मोकळं म्हणू द्या, पेटीवर त्याची पट्टी शोधा, मग वाद्य ठरवा.

२. आधी गळा, मग वाद्य. मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर गाणं करताना मी पहिल्यांदा फक्त आवाज लावते. मग एकेक वाद्य हळूहळू वर आणते. ज्या क्षणी एखादा शब्द पुसट होतो तिथे थांबते आणि थोडी मागे येते. आधी वाद्य भरून नंतर आवाज वर चढवायला गेलं की दोघांची शर्यत लागते.

३. माईक चार बोटांवर. मुलं माईक पोटाशी धरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वीतभर लांबचा माईक चार बोटांवर आणला तर साधारण ९ डेसिबलची वाढ मिळते, म्हणजे कानाला जवळपास दुप्पट आवाज. साउंडवाले भाऊ म्हणतात, “मॅडम, आवाज वाढोला त शिट्टी वाजते.” बरोबर आहे त्यांचं. पण माईक जवळ आणला की बटण वाढवावंच लागत नाही, मग शिट्टीही वाजत नाही. आठ दिवस आधी डाव किंवा पळी हातात देऊन मुलांचा सराव करून घ्यावा. मुलांना मजाही येते.

४. इको बंद. हे बटण साउंडवाल्यांचं लाडकं. इकोनं मागचा शब्द पुढच्या शब्दावर येऊन आदळतो. आपल्या खोल्या आधीच घुमतात, वरून अजून कशाला?

५. शब्द आला की वाद्य खाली. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘ऑटो डक’ नावाची सोय आहे. आवाज सुरू झाला की वाद्याचा ट्रॅक आपोआप उतरतो, ओळ संपली की परत चढतो. ठरलेली मात्रा १२ डेसिबलची असते, ती मला जास्त वाटते, म्हणून मी कमी करून घेते. खंजेरीवाल्याचा हात जे करतो तेच हे यंत्र करतं, फक्त समज नसल्यामुळे आपल्याला सांगावं लागतं.

६. हळू लावून, साध्या फोनवर, गोंगाटात ऐकणं. हेडफोनवर पास झालेलं गाणं मी पास धरत नाही. स्वयंपाकघरात फोन ठेवून कामं करता करता ऐकते.

७. सगळ्यात मोठी परीक्षा. ज्यानं ते गाणं कधी ऐकलं नाही अशा एका मुलाला ऐकवायचं आणि शब्द लिहायला सांगायचे. तो जे लिहील ते आपलं मिक्सिंग. कपाशीचं उपाशी झालं की मुलाला लाल पेन नाही, आपल्याला.

त्या पोरीचं पुढे काय झालं?

पुढच्या वर्षी मी तिला विचारलं, “या वेळी गाणार का?” ती म्हणाली, “मले नाई म्हनायचं, मॅडम.” कारण विचारलं तर गप्प. आजीनं घरी काही म्हटलं असेल, किंवा तिला स्टेजवर उभं असतानाच कळलं असेल की आपला आवाज आपल्यालाच येत नाहीये. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर तो कशाच्या भरवशावर गाणार? त्या एका संध्याकाळच्या दणदणाटात मी एक गाणारं मूल गमावलं होतं. हे कोणत्याही अहवालात आलं नाही. अहवालात ‘संमेलन उत्साहात पार पडले’ असं आहे, आणि ते मीच लिहिलं आहे.

मग आम्ही परिपाठापासून पुन्हा सुरुवात केली. स्पीकर बंद. एक मुलगा खंजेरी घेऊन बसायचा. त्याला एकच नियम होता: ओळ चालू असताना बोटांनी, ओळ संपल्यावर हातानं. पहिले पंधरा दिवस ती इतरांसोबत म्हणायची. मग एका सकाळी एक ओळ एकटीनं म्हटली. १५ ऑगस्टला तिनं पूर्ण गाणं म्हटलं, माईकशिवाय, आणि आवारातल्या लोकांनी श्वास रोखून ऐकलं. आवाज तोच होता, बारीक. आम्ही फक्त जागा करून दिली होती.

आजी त्या दिवशी आली नव्हती. निंदणाचे दिवस होते, रोज पाडणं परवडलं नसेल. संमेलनाला येते म्हणाली आहे. मी साउंडवाल्या भाऊंना आत्ताच सांगून ठेवलं आहे, “भाऊ, त्या एका गाण्याला तुमचं मशीन बंद ठेवा किंवा फक्त माईक चालू ठेवा, पैसे पूर्ण घ्या.” ते हसले. “हाव,” म्हणाले.

तुमच्याही शाळेत असं एखादं बारीक आवाजाचं लेकरू असेल. या वर्षी गाणं बसवताना ट्रॅक लावायच्या आधी एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसा, डोळे मिटा, आणि त्याचे शब्द येतात का ऐका. नाही आले तर आधी पेटी कमी करा. पोरीला जोरात म्हण म्हणून सांगणं सगळ्यात शेवटी.